पाटण्याचे मणी शाळेत करायचे आहेत: आधी भोक की आधी गोलाई?

गिरणाकाठ:
नमस्कार. चाळीसगावला नववीला इतिहास शिकवतो. आमच्याच तालुक्यातल्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा नक्षी कोरलेला तुकडा सापडलाय, हे इथल्याच पोरांना ठाऊक नाही. ते मणी त्यांच्या हातून करून घ्यायचेत. कवच मिळालंय, दगडी टोचे कॅल्सेडोनीचे (अकीकाच्या जातीचा कठीण दगड) केलेत. पण बाहेरून टोचा टेकवला की निसटतो, जोर लावला की तुकडा दुभंगतो. कृपया स्टीलचं ड्रिल सुचवू नका, दगडानेच करायचंय. सरावाला एमूचं कवच चालेल का?

खापरवाली:
सर, आधी भोक. चकती घासून गोल केल्यावर फुटली तर सगळी मेहनत वाया. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कालाहारी वाळवंटातल्या सान आदिवासी बायकांचा क्रमही बहुतेक हाच: तुकडा, भोक, कडा टोकरणं, मग माळेत ओवून सगळे एकदम दगडावर घासणं. म्हणून तर मणी एकसारखे होतात.

भोक आतल्या, खोलगट बाजूने सुरू करा. टोक तिथे बसतं आणि तो थर लवकर झिजतो. कवच जेमतेम २ मिलिमीटर जाड असतं. टोचा काडीला राळेने बसवून तळहातांत घुसळा, वरून दाब देऊ नका. पलीकडे ठिपका दिसला की तुकडा उलटा. भोक डमरूसारखं होईल, तसंच हवं. घासताना पाणी ठेवा, ती पूड नाकात जायला नको.

एमूचं कवच पातळ असतं, हात बसवायला ठीक. एका मण्याला किती वेळ लागतो याच्या नोंदी मात्र त्यावर घेऊ नका. आणि फुटलेला एकही तुकडा टाकू नका! कामाचा क्रम आपल्याला अर्धवट आणि फुटक्या मण्यांवरूनच कळतो.

पटवेकरी:
आमचा धंदा मणी गाठवायचा. डमरूच्या भोकात मधली कड दोरा कापते. ओल्या दोऱ्याला बारीक वाळू लावून मणी त्यावर पुढे-मागे ओढा, कड मरते.

खापरवाली:
दादा, हे उत्तम सांगितलंत. सर, निम्म्या मण्यांची कड मारा, निम्मे तसेच ओवा. महिनाभर पोरांना गळ्यात घालू द्या, मग भिंगाखाली दोन्हीकडची झीज ताडून बघा.

गिरणाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. दोऱ्यासाठी घायपात नको, तो अमेरिकेतून आलेला. बांधावरच्या मुरुडशेंगेच्या सालीचा वळतो. पाटण्याजवळच्या गौताळा अभयारण्यातून काही आणणार नाही.