मोबाईल ॲपवर आलेख सपाट केला, तरी बोलणे डब्यातून आल्यासारखे का ऐकू येते?

फेडरवाला (प्रश्न)

सुमारे दोनशे आसनांच्या एका सभागृहाची ध्वनिव्यवस्था मी सांभाळतो. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना २.२ मीटर उंचीच्या स्टँडवर एकेक स्पीकर आहे आणि मिक्सरच्या मास्टरवर ३१ बँडचा ग्राफिक इक्वलायझर (आवाजाच्या एकेका पट्ट्याची पातळी वेगवेगळी कमीजास्त करणारी सोय) आहे. परवा कार्यक्रमापूर्वी मी पिंक नॉइज (प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असलेला चाचणीचा आवाज) सोडला, उजव्या स्पीकरसमोर १० मीटरवर १.२ मीटर उंचीला मोबाईल लावला आणि आरटीए ॲपमधला (प्रत्येक बँडची पातळी त्याच क्षणी दाखवणारा) आलेख पाहत एकेक बँड वरखाली केला. ३१५ हर्ट्झपाशी मोठा खड्डा दिसला म्हणून तो बँड ६ डेसिबलने उचलला. ८० हर्ट्झच्या खाली आलेख घसरत होता म्हणून तेही बँड वर नेले. आलेख देखणा झाला, मात्र वक्त्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा आणि वर घुमणारा झाला. चूक ॲपची, मोबाईलची की माझी?

मंद्रसप्तक

आपण दिलेल्या मापांवरूनच त्या खड्ड्याचे कारण सापडते. स्पीकरपासून मोबाईलपर्यंतचे सरळ अंतर सुमारे १०.०५ मीटर आहे, तर जमिनीवर आपटून येणाऱ्या ध्वनीला सुमारे १०.५६ मीटर अंतर कापावे लागते. म्हणजे परावर्तित ध्वनी अर्धा मीटर मागे राहतो आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर तो साधारण दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ज्या कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) अर्ध्या आवर्तनाला नेमका इतकाच वेळ लागतो, तिथे सरळ आणि परावर्तित लहरी एकमेकींना कापतात. ती कंप्रता ३३५ हर्ट्झच्या आसपास येते आणि आपल्या ३१५ च्या बँडमध्येच पडते. हा खड्डा स्पीकरचा नाही, मोबाईल ठेवलेल्या जागेचा आहे. आपण ६ डेसिबल वाढवले तेव्हा त्या एका बिंदूवर तो थोडा भरला, पण इतर आसनांवर, जिथे ३१५ ला काहीच उणे नव्हते, तिथे ६ डेसिबल जादा गेले. डब्यातला आवाज तो हाच.

पडताळा सोपा आहे. डावा स्पीकर बंद ठेवा, कारण दोन स्पीकर एकाच वेळी चालू असले की त्यांच्या आपसातल्या काटछाटीची भर पडते. मग मोबाईल दोन आसनांइतका पुढेमागे न्या, उंची बदला आणि शेवटी रिकाम्या मार्गिकेत थेट जमिनीवर ठेवा. जमिनीलगत दोन्ही लहरी जवळजवळ एकाच वेळी पोहोचतात, त्यामुळे जमिनीमुळे पडलेला खड्डा तिथे नाहीसा होतो. जो खड्डा जागेबरोबर सरकतो त्याला इक्वलायझर लावू नये. पाच-सहा ठिकाणी घेतलेल्या मापनांत जो उंचवटा टिकून राहतो, तेवढाच खाली आणावा.

तारस्वर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. खालच्या बँडबद्दल मात्र मोबाईलवर संशय घ्यायला हवा. त्यातला माईक संभाषणासाठी बसवलेला असतो, म्हणून अनेक उपकरणे खालच्या कंप्रता आधीच गाळून टाकतात आणि आवाज मोठा झाला की गेन (माईकच्या सिग्नलची वाढ) आपोआप कमी करतात. अँड्रॉइड ७.० पासून ॲपला प्रक्रिया न केलेला ध्वनी मागता येतो, पण तो देण्याची सोय उपकरणात असावी लागते. पिंक नॉइज चालू ठेवून मास्टर बरोबर १० डेसिबलने वाढवा. ॲपमध्ये १० ची वाढ दिसली नाही, तर मोबाईल स्वतःच आवाजात ढवळाढवळ करतो आहे असे समजा. (मोबाईलचे कव्हरही काढा, माईकच्या छिद्रावर आलेली कड वरच्या पट्टीचा आलेख हमखास बिघडवते.)

ॲप दाखवते तो डेसिबलचा आकडा कॅलिब्रेटरशिवाय कुणालाही सांगू नये. कॅलिब्रेटर माईकवर बसवून १ किलोहर्ट्झला ९४ डेसिबल देतो आणि आकडा त्याला जुळवून घ्यावा लागतो, पण तो मोबाईलच्या अंगच्या माईकवर नीट बसतच नाही. त्यासाठी स्वतःची दुरुस्ती फाईल (त्या माईकच्या चुकांची भरपाई करणारी नोंद) असलेला बाहेरचा मापन माईक जोडावा.

फेडरवाला

आज दोन्ही गोष्टी करून पाहिल्या. मोबाईल जमिनीवर ठेवताच ३१५ चा खड्डा गेला. मास्टर १० ने वाढवला, तेव्हा ॲपमध्ये जेमतेम ४ ची वाढ दिसली; ॲपच्या सेटिंगमध्ये इनपुटचा स्रोत बदलल्यावर ती जवळजवळ १० झाली आणि खालच्या बँडचा घसाराही निम्मा उरला. सगळे बँड शून्यावर आणून फक्त २०० चा ३ डेसिबलने कमी केला आहे, कारण तेवढा एकच उंचवटा सहाही ठिकाणी दिसत होता. बोलणे आता स्वच्छ येते. कॉलर माईक मात्र १ किलोहर्ट्झच्या आसपास शिट्टी मारतो आणि तो बँड खाली ओढला की आवाज पोकळ होतो.

मंद्रसप्तक

एक-तृतीयांश सप्तकाच्या त्या एका बँडमध्ये ८९१ ते ११२२ हर्ट्झपर्यंतचे सगळे येते आणि शिट्टी तर एखाद्या रेषेएवढी बारीक असते. ॲपमध्ये आरटीएऐवजी एफएफटीचे (आवाज बारीक बारीक कंप्रतांत फोडून दाखवणारे) दृश्य निवडून नमुनासंख्या १६३८४ ठेवा. ४८ किलोहर्ट्झला त्यातून सुमारे ३ हर्ट्झपर्यंतचा भेद कळतो. सभागृह रिकामे असताना माईकचा गेन हळूहळू चढवा, शिट्टीची सुई उभी राहू लागली की कंप्रता टिपून गेन लगेच उतरवा आणि त्या माईकच्या चॅनलवरील पॅरामेट्रिक इक्वलायझरने (ज्यात कंप्रता आणि कापाची रुंदी हवी तशी निवडता येते) अगदी अरुंद असा ४ ते ६ डेसिबलचा काप द्या. मास्टरला हात लावू नका. त्याआधी वक्त्याला स्पीकरच्या मागे उभे करता येते का, तेही पाहा. एक पाऊल मागे घेतल्याने जितका फरक पडतो, तितका कित्येकदा इक्वलायझरने पडत नाही.