परभणी–गंगाखेड पहाटेचं अपडाऊन: दुचाकीवर थंडी आणि ओल कशी आवरायची?

गोदाकाठी
नमस्कार मंडळी. बदली गंगाखेडला झाली, बिऱ्हाड परभणीतच आहे, त्यामुळे आता रोजचं अपडाऊन. सातला हजर राहावं लागतं, म्हणजे पावणेसहाला घर सोडायचं. गाडी १२५ सीसी, बीएस-६. दैठण्यापर्यंत कसंबसं निभतं, पुढे बोटं अशी आखडतात की दाबलेला क्लच सोडायलाही जोर लावावा लागतो. स्वेटर, वर जर्किन, कानटोपी सगळं अंगावर असतं, तरी छातीत गारठा शिरतोच. गंगाखेड जवळ आलं की नदीकडचं धुकं, आणि हेल्मेटची काच आतून पांढरी. त्यात मला चष्मा. मागच्या आठवड्यात अवकाळीची भुरभुर झाली, बूट-मोजे भिजले ते संध्याकाळपर्यंत ओलेच.

जॅकेट घ्यावं का, आणि कसलं? हातमोजे लोकरीचे की चामड्याचे? गरम होणारे ग्रिप आमच्या गाडीला चालतील का? तीन हजारांच्या आत बसवायचं आहे. रेल्वे सुचवू नका, वेळ जुळत नाही.

जिंतूर रोड
सर, शाळेसाठी माझंही पहाटेचंच अपडाऊन आहे. आधी एक गोष्ट पक्की करा: तुम्हाला थंडी नाही, वारा मारतोय. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा ८-१० वर येतोच. ८ अंशांत ताशी ६० च्या वेगाने निघालात तर उघड्या कातडीला ती थंडी साधारण २ अंशांसारखी लागते. लोकर ऊब धरते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे, आणि वारा ती हवाच पळवून नेतो. म्हणून स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवून फार फरक पडत नाही. स्वेटर एकच राहू द्या, पण त्याच्या वर वारा न शिरणारं काहीतरी हवं.

ते तुमच्या घरात आहे. पावसाळ्यातला रेनकोट काढा, शर्ट आणि पॅन्ट असा दोन तुकड्यांचा. वरचा जर्किनवर, खालचा पॅन्टवर. गुडघ्यांना जो आराम मिळतो तो आजच कळेल.  रेनकोट नको असेल त्या दिवशी वर्तमानपत्राचे चार-पाच पदर जर्किनच्या आत छातीवर ठेवा. जुना उपाय आहे, दूध घालणारे अजूनही करतात, आणि खरंच लागू पडतो.

आत सुती बनियनपेक्षा अंगाला चिकटून बसणारं थर्मल बरं. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि गाडी सुरू झाली की तेच गार पडतं. गळ्यापाशी जिथे जर्किनची चेन संपते तिथून वारा थेट छातीत जातो, तेव्हा मफलर गुंडाळा आणि त्याची दोन्ही टोकं आत खोचा. बाहेर फडफडणारं टोक चाकात किंवा चेनीत जायला वेळ लागत नाही.

कानटोपीबद्दल: जाड कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, वर चढून राहतं आणि पडल्यावर सटकतं. डोकं, कान, मान झाकणारा पातळ मुखवटा मिळतो, तो घाला. हेल्मेट आयएसआयचं आहे ना तेही बघून घ्या.

वाळूजकर
हाताचं मी सांगतो. रात्रपाळी करून पहाटे गाडीवरच घरी जायलो, त्यामुळे हे रोजचं आहे. नुसत्या लोकरी मोज्यांतून वारा आरपार जातो. नुसतं पातळ चामडं वारा अडवतं, पण ऊब धरत नाही. आत पातळ लोकरी आणि वर वारा अडवणारा, असे दोन घाला. मात्र वरचा एक नंबर मोठा घ्या. बोटं आवळली की रक्त नीट फिरत नाही आणि मोजा कितीही जाड असला तरी बोटं गारच राहतात.

गरम ग्रिपच्या भानगडीत सध्या पडू नका. दोन्ही मिळून ३०-४० वॉट सहज ओढतात, म्हणजे साध्या ३५ वॉटच्या हेडलाइट बल्बएवढा जादा भार. छोट्या गाडीचं चार्जिंग बेताचं असतं. गावातून हळू चालवलं की बॅटरी उतरायची. शिवाय वायरिंग कापलं तर वॉरंटीचा प्रश्न. त्यापेक्षा हँडल कव्हर लावा, म्हणजे ग्रिप आणि लिव्हरवर चढणारी पिशवी, ज्यात हात घालून गाडी चालवायची. दिसायला कशी का दिसेना, वारा बराच थांबतो.

गोदाकाठी
कव्हरचा विचार मनात होता, पण ब्रेक अडकण्याची धास्ती आहे. नेमका घाईत हात बाहेर निघाला नाही तर?

गॅरेजवाला, मानवत
दादा, धास्ती बरोबर आहे, म्हणून बसवतानाच तपासून घ्या. गाडी मेन स्टँडवर घ्या, कव्हर चढवा आणि क्लच-ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून सोडा. लिव्हर स्वतःहून झटक्यात जागेवर आली पाहिजे. कापड मध्ये येऊन ती थोडी जरी दाबलेली राहिली तर मागचा ब्रेकलाइट सारखा पेटून राहील आणि ब्रेक घासत राहील. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ॲक्सिलेटर सोडल्यावर मागे येतो ना. हात दहा वेळा आत-बाहेर करून बघा. तोंड अरुंद असलेलं कव्हर घेऊच नका. हॉर्न आणि इंडिकेटरची बटणं न बघता सापडायला हवीत, त्याचा सराव घरीच करा.

आता टायर. थंडीत हवा आपोआप उतरते. दुपारी ३० अंशांत २९ भरलेली हवा पहाटे १० अंशांत २६ च्या जवळपास दिसेल. गाडी उभी राहून टायर गार असतानाच हवा बघा, कंपनीचा आकडा गार टायरचाच असतो. थंडीत हवा कमी ठेवली की ग्रिप मिळते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि पहिले काही किलोमीटर टायर गार असतात, तोवर वळणावर गाडी झुकवू नका.

सेलूची ताई
दादा, मला पण चष्मा आहे. काच आतून पांढरी होते ती बाहेरच्या धुक्याने नाही, आपला गरम श्वास गार काचेला लागतो म्हणून. म्हणून मुखवटा किंवा स्कार्फ नाकावर असा बसवा की श्वास खाली जाईल, वर डोळ्यांकडे येणार नाही. आदल्या रात्री भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब काचेला आतून चोळा आणि कोरड्या मऊ कापडाने पूर्ण चकचकीत होईपर्यंत पुसा. ओलं ठेवायचं नाही, नाहीतर समोरून येणाऱ्या दिव्यांचे पट्टे दिसतात. चष्म्यालाही तेच. गावातून जाताना काच एक खाच वर ठेवा. पहाटेला काळी काच तर नकोच.

बुटांचं म्हणाल तर मोज्यावर प्लास्टिकची साधी पिशवी, मग बूट. रेनकोटची पॅन्ट बुटाच्या बाहेर सोडायची, आत खोचली की सगळं पाणी बुटात उतरतं. हाताचं पण तसंच: पाऊस असेल तर हातमोज्याची कड बाहीच्या आत.

पाटोदेकर
वर सगळे कपड्यांचं बोलायलेत, मी रस्त्याचं बोलतो. सध्या गाळप चालू आहे. ऊस भरलेल्या ट्रॉल्या अंधारात थेट डांबरीवर चालतात, कित्येकांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. धुक्यात त्या दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. धुक्यात अप्पर कधीच लावू नका, प्रकाश धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो; डिपरवरच चाला. जेवढं पुढचं दिसतं तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, असा वेग ठेवा. ट्रॉली दिसली की तिच्या मागे थोडं थांबा, समोरचं पूर्ण दिसेपर्यंत ओव्हरटेक नाही.

दुसरं म्हणजे रानातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती. पाणंद जिथे डांबरीला लागते तिथे ती दहा-पंधरा पावलं पसरलेली असते. दुपारी वाळून धूळ होते, पण पहाटेचं दहिवर पडलं किंवा भुरभुर झाली की लोण्यासारखी निसरडी होते. तिच्यावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, गाडी वळवायची नाही. आधीच वेग कमी करून सरळ निघून जायचं. रेनकोट अंगावर असला तरी जीव या दोन गोष्टींत अडकलेला असतो, म्हणून कळकळीनं सांगायलो.

नांदेडची सिस्टर
दोन गोष्टी. हात बधिर झाले असतील तर लगेच शेकोटीत धरू नका. चटका कळत नाही आणि भाजतं, मधुमेह असणाऱ्यांनी तर जास्त जपावं. सायलेन्सरला हात लावून शेकणारेही पाहिले आहेत, तेही नको. गाडी बाजूला घ्या, हात काखेत दाबून बसा, बोटं उघडझाप करा. आणि अंग थरथरायला लागलं, विचार सुचेनासे झाले की पुढे रेटू नका. घोटभर दारूने ऊब येते हा समज चुकीचा आहे, कातडीकडे रक्त धावतं आणि आतली उष्णता बाहेर जाते. गाडी चालवणाऱ्याने तर ती घ्यायचीच नाही.

गोदाकाठी
सगळ्यांचे मनापासून आभार. जॅकेटचा विचार सोडला. रेनकोट आहेच; हँडल कव्हर, दोन जोड हातमोजे, थर्मल आणि पातळ मुखवटा घेतो. रविवारी मानवतला येणं आहे, दादा, कव्हर तुमच्यासमोरच बसवतो. एकच विचारतो: ऑफिसात बदलायला पायमोजे ठेवायचे तर किती?

सेलूची ताई
दोन जोड ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेवा. एक जोड गाडीवर, तो दुहेरी पिशवीत गाठ मारून. आणि संध्याकाळी निघताना रेनकोट झटकून घ्या, ओला घडी केला की आतून वास धरतो आणि शिवणीपाशी गळायला लागतो.