युद्धनौकेवरील गणिताचे प्राध्यापक: फादर ओकॅलहन यांच्याविषयी काही शंका

जिज्ञासू_कोल्हापूर:

दुसऱ्या महायुद्धातील छायाचित्रांमध्ये एक छायाचित्र वारंवार पाहण्यात येते. धुराने वेढलेल्या विमानवाहू नौकेच्या डेकवर एक जखमी खलाशी आडवा पडलेला आहे आणि शिरस्त्राण घातलेले एक धर्मगुरू त्याच्यावर वाकून प्रार्थना करीत आहेत. हे धर्मगुरू म्हणजे अमेरिकन नौदलाचे चॅप्लेन (सैन्यात नेमलेले धर्मगुरू), फादर जोसेफ ओकॅलहन, आणि ती नौका म्हणजे ‘फ्रँकलिन’, एवढे मला ठाऊक आहे. मात्र ते मुळात गणिताचे प्राध्यापक होते, असे अलीकडेच वाचनात आले आणि काही शंका निर्माण झाल्या. महाविद्यालयात शिकवणारा व्रतस्थ धर्मगुरू नौदलात जातो तो स्वतःच्या इच्छेने, की वरिष्ठांच्या आज्ञेने? त्या दिवशी त्यांनी बाँब समुद्रात ढकलण्याच्या कामाचे नेतृत्व केले असे म्हणतात. शस्त्र न बाळगणाऱ्या चॅप्लेनला हे काम करण्याची मुभा होती का? आणि युद्ध संपल्यावर ते पुन्हा वर्गात परतले का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वसईचा_वाचक:

आपल्या पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या जीवनक्रमातच मिळते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

फादर ओकॅलहन यांचा जन्म 1905 मध्ये बॉस्टन येथे झाला. शालेय शिक्षण संपताच, 1922 मध्ये, त्यांनी येशूसंघात, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात, प्रवेश घेतला आणि 1934 मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. या दोन घटनांमधील बारा वर्षांचे अंतर पाहून आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. जेझुइटांच्या प्रशिक्षणात तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र यांच्या अध्ययनाच्या मधल्या काळात उमेदवाराला काही वर्षे शाळेत किंवा महाविद्यालयात शिकवावे लागते, आणि ओकॅलहन यांनी हा काळ बॉस्टन कॉलेजमध्ये अध्यापन करण्यात घालवला. पुढे त्यांनी तत्त्वज्ञान शिकवले आणि त्यानंतर वूस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयात ते गणित विभागाचे प्रमुख झाले. तेव्हा शिकवणे हा त्यांचा पौरोहित्याखेरीजचा जोडधंदा नव्हता. संघाने त्यांना ज्या कामासाठी घडवले, तेच ते होते.

ऑगस्ट 1940 मध्ये ते नौदलात चॅप्लेन म्हणून रुजू झाले. या तारखेकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण पर्ल हार्बरवरील हल्ला त्यानंतर सुमारे सोळा महिन्यांनी झाला आणि त्या वेळी अमेरिका युद्धात उतरलेलीच नव्हती. युद्धज्वराच्या लाटेत वाहून घेतलेला हा निर्णय नव्हता. इच्छा त्यांची स्वतःची होती. परंतु आज्ञाधारकतेचे व्रत घेतलेल्या जेझुइटाला वरिष्ठांच्या अनुमतीशिवाय असे पाऊल उचलता येत नाही, म्हणून ‘इच्छा की आज्ञा’ असा पर्याय येथे लागू पडत नाही. दोन्ही आवश्यक होते.

‘रेंजर’ या विमानवाहू नौकेवर त्यांनी दीर्घकाळ सेवा केली आणि नोव्हेंबर 1942 मधील उत्तर आफ्रिकेतील मोहीम त्यांनी तिच्यावरूनच पाहिली. ‘फ्रँकलिन’वर मात्र ते 2 मार्च 1945 रोजी आले, म्हणजे हल्ल्याच्या दिवशी, 19 मार्चला, त्यांना त्या नौकेवर येऊन पुरते तीन आठवडेही झालेले नव्हते. अडीच-तीन हजार माणसांच्या त्या तरंगत्या गावात बहुतेकांना ते चेहऱ्यानेही परिचित नसावेत, असे मला वाटते, आणि त्या दिवशीच्या त्यांच्या कामगिरीचे मोल जोखताना ही गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही.

त्या सकाळी नौका जपानच्या किनाऱ्यापासून सुमारे 50 मैलांवर होती. एका जपानी विमानाने टाकलेले दोन बाँब तिच्यावर पडले, त्या वेळी डेकवर आणि खालच्या हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवण्याच्या दालनात, इंधन भरलेली, बाँब आणि रॉकेटे लावलेली विमाने उड्डाणाच्या तयारीत होती. त्यामुळे खरा संहार शत्रूच्या दोन बाँबांपेक्षा नौकेवरील स्वतःच्याच दारूगोळ्याने अधिक केला. स्फोट तासन्‌तास होत राहिले आणि सातशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. फादर ओकॅलहन स्वतः जखमी झाले होते. त्यांनी आधी मरणासन्न माणसांना पवित्र तेल लावण्याचा अंतिम संस्कार आणि पापक्षमा दिली, आणि मग आग विझवणाऱ्यांच्या तुकड्या उभ्या केल्या. कललेल्या डेकवर तापलेले, जिवंत बाँब घरंगळत होते, त्यांच्यावर पाण्याचा मारा करणारी नळी त्यांनी हाती धरली. दारूगोळा समुद्रात फेकण्याचे आणि एक कोठार पाण्याने भरून टाकण्याचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. हा सारा तपशील पुढे त्यांना मिळालेल्या पदकाच्या सन्मानपत्रात नमूद आहे.

23 जानेवारी 1946 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक प्रदान केले. हा सन्मान मिळवणारे ते अमेरिकन नौदलाचे पहिले चॅप्लेन होत. त्याच समारंभात त्याच नौकेवरील लेफ्टनंट डॉनल्ड गॅरी यांनाही हे पदक देण्यात आले. डेकखाली धुरात अडकलेल्या सुमारे तीनशे खलाशांना त्यांनी वाट शोधून बाहेर काढले होते.

1948 मध्ये फादर ओकॅलहन होली क्रॉसमध्ये परतले, पण या वेळी तत्त्वज्ञान शिकवण्यासाठी. थोड्याच काळात पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची प्रकृती ढासळली. 1964 मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि महाविद्यालयाच्या आवारातील जेझुइटांच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. तेथील विज्ञान ग्रंथालयाला आज त्यांचे नाव आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. आपण उल्लेखिलेल्या छायाचित्रातील खलाशी दगावला असा सर्वसाधारण समज आहे, पण तो वाचला आणि पुढे अनेक वर्षे जगला.

कायद्याचा_विद्यार्थी:

वरील प्रतिसाद उत्तम आहे. दुसऱ्या प्रश्नापुरती भर घालतो. सागरी युद्धाविषयीच्या 1907 च्या हेग कराराने पकडलेल्या जहाजावरील धार्मिक आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांना अभय दिले होते, त्यांना युद्धकैदी करता येत नव्हते. भूदलातील चॅप्लेनांना 1929 च्या जिनिव्हा करारानेही संरक्षण दिले. हे संरक्षण टिकण्याची अट अशी की त्यांनी शत्रूविरुद्ध लढाईत भाग घेऊ नये. आता ‘फ्रँकलिन’वर काय घडले ते पाहावे. तो दारूगोळा शत्रूवर डागला गेला नाही, तो निकामी व्हावा म्हणून समुद्रात टाकला गेला. हेतू स्वतःच्या जहाजावरील माणसे वाचवण्याचा होता. फादर एखाद्या तोफेवर उभे राहून विमानांवर गोळे डागत असते, तर प्रश्न निराळा ठरला असता. कॅथलिक धर्मकायद्यातही धर्मगुरूने शस्त्र हाती घेण्यास मनाई आहे, परंतु आग विझवण्यास अर्थातच नाही. माझ्या मते येथे नियमभंगाचा आरोप टिकत नाही.

नौदलात चॅप्लेन हे अधिकारी असले तरी त्यांच्याकडे कोणत्याही तुकडीचे सेनापतित्व नसते. म्हणजे त्या दिवशी खलाशांनी त्यांचे ऐकले ते हुकूम म्हणून नव्हे. डेकवरचे अनेक अधिकारी मारले गेले होते किंवा वेगळ्या भागांत अडकले होते, आणि जो माणूस स्वतः पुढे जाऊन नळी धरतो त्याच्या मागे लोक गेले. वर्गातील वीस वर्षांच्या मुलांना अवघड प्रमेयापुढे उभे करण्याची सवय असलेल्या माणसाला हे इतरांपेक्षा सोपे गेले असेल काय, हा तर्क मी करतो. पुरावा म्हणून तो मांडत नाही.

जिज्ञासू_कोल्हापूर:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अशी व्यवस्था आपल्या सैन्यातही आहे का?

निवृत्त_सुभेदार:

आहे, परंतु तिची रचना वेगळी आहे. आपल्या भूदलात धर्मशिक्षक हे जेसीओ, म्हणजे सुभेदारांच्या श्रेणीतील कनिष्ठ अधिकारी, असतात, लेफ्टनंट-कॅप्टन यांच्यासारखे कमिशन मिळालेले अधिकारी नसतात. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री यांची नेमणूक पलटणीतील जवानांच्या धर्मानुसार होते. अनेक तुकड्यांमध्ये मंदिर, गुरुद्वारा, मशीद आणि चर्च एकाच छताखाली असलेले ‘सर्वधर्म स्थळ’ असते. पूजा-प्रार्थनेबरोबर जवानांचे मनोबल राखणे, रुग्णालयातील जखमींना भेटणे आणि अंत्यविधी पार पाडणे हीही त्यांची कामे असतात, आणि त्या पदाच्या नावातच ‘शिक्षक’ आहे.

वसईचा_वाचक:

सुभेदार साहेबांनी आपल्याकडचा विषय काढलाच आहे, तर एक विलक्षण योगायोग नोंदवतो. फादर ओकॅलहन यांच्या नावाची एक युद्धनौका अमेरिकेने 1965 मध्ये जलावतरित केली आणि तो समारंभ त्यांच्या भगिनीच्या, मेरीनॉल या कॅथलिक संघातील एका जोगिणीच्या (ननच्या), हस्ते झाला. तीच नौका 1989 मध्ये भाडेतत्त्वावर पाकिस्तानच्या नौदलाकडे गेली, तेथे तिचे नाव ‘अस्लत’ ठेवण्यात आले आणि काही वर्षांनी ती अमेरिकेला परत करण्यात आली.