प्रति: बायबल शब्दन् शब्द जसंच्या तसं?
वर कुणीतरी म्हटलंय की नवा करार (बायबलचा येशूबद्दलचा दुसरा भाग) पहिल्या शतकापासून शब्दन् शब्द तसाच आहे, ते जरा जास्तच होतंय. योहानाच्या शुभवर्तमानातली (येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांपैकी एक) ती फेमस गोष्ट घ्या, व्यभिचारात पकडलेली बाई आणि पहिला दगड कोणी मारायचा वाली, ती चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकनस ह्या दोन्ही हस्तलिखितांत नाहीच्चे! आज हातात असलेल्या ग्रीक प्रतींत ती पहिल्यांदा दिसते कोडेक्स बेझे ह्या हस्तलिखितामधे, म्हणजे साधारण ५००च्या आसपास, आणि नंतरच्या काही प्रतींत तर चक्क लूकच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायाला चिकटवलीय. पण म्हणून सगळंच बनावट असंही नाही हां, ढीगभर प्रती आहेत म्हणूनच तर ही नंतरची भर पकडता आली. मला तर गोष्ट जुनीच वाटते, फक्त योहानाची नाही.