हार्ट फेल्युअर: अ‍ॅपमध्ये रोज नेमकं काय भरायचं?

कोथरूडकर: वडील ७१ वर्षांचे, हार्ट फेल्युअर (हृदय रक्त नीट पंप करत नाही), लघवीची गोळी चालू. तब्येतीच्या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमध्ये रकाने ढीगभर. रोज कोणते भरायचे? शिवाय गोळीचा अलार्म अधूनमधून वाजतच नाही.

नर्सताई: आधी वजन. सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर आकडा चुकतो. ३ दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं तर ते बहुधा अंगात साठलेलं पाणी. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. अ‍ॅपमध्ये ही मर्यादा टाकता येत असेल तर टाकाच. मग पायाची सूज आणि झोपताना दम लागू नये म्हणून किती उशा लागतात. पावलं-बिवलं सावकाश.

पेठेतला: अलार्म बहुतेक बॅटरी सेव्हर बंद पाडतो. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, त्यात हे अ‍ॅप, मग बॅटरी, तिथे ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा.

औंधकर: कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारं अ‍ॅप असेल तर आधी उडवा. दंडाला बीपी मशीनचा पट्टा (कफ), ५ मिनिटं शांत बसून, मिनिटाच्या अंतराने दोनदा. ठोके अनियमित असतील तर आकडे हलतात, मग तीनदा.

नर्सताई: आणि आडवं झाल्यावर दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर नोंदी करत बसू नका. थेट १०८.