हानलेची दुर्बीण, होसकोटेची खुर्ची
'दूरच्या दुर्बिणीतून दिसणारं आकाश पडद्यावरच बघायचं, तर आयते फोटो काय वाईट?' हा प्रश्न रास्त आहे, पण आयते फोटो बघणं आणि दुर्बीण स्वतः चालवणं यांत फरक आहे. लडाखमधल्या हानलेची २ मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्रा दुर्बीण (खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावाची) ४५०० मीटर उंचीवर आहे. तिथे चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. म्हणून निरीक्षक बेंगळुरूजवळच्या होसकोटेत बसून उपग्रहामार्फत ती चालवतात. तारा कुठला, फिल्टर कोणता (म्हणजे कुठल्या रंगाचा प्रकाश टिपायचा), एक्स्पोजर किती वेळ, सगळं त्यांनीच ठरवायचं. हानलेला ढग आले की होसकोटेतली रात्र फुकट!

तिथेच आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ७० सेंमीची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे. ती तर रोबोटिकच, म्हणजे माणसाशिवाय आपोआप चालणारी. गॅमा किरण स्फोटाची (दूरच्या अवकाशातल्या क्षणिक, प्रचंड स्फोटाची) मागे उरलेली चमक विझायच्या आत तिकडे वळायचं, तर माणसाला झोपेतून उठवत बसायला वेळ कुठे असतो?