शब्दचर्चा: सरकार प्रसारकाला देतं ते अनुदान, भरपाई की प्रतिपूर्ती?

सांगली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते, अनुवादाचं काम करते. सध्या माध्यमांच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली टिपणं मराठीत आणते आहे आणि एका मथळ्यापाशी दोन दिवस अडले आहे. मथळ्यातली मूळ संज्ञा आहे ‘पब्लिक सर्व्हिस ऑब्लिगेशन’. आशय असा: प्रसारकावर, म्हणजे रेडिओ-टीव्ही चालवणाऱ्या संस्थेवर, लोकांसाठी काही कामं करण्याचं बंधन आहे, त्या कामांतून पैसा सुटत नाही, म्हणून त्यांचा खर्च सरकार उचलतं.

मी आधी लिहिलं, ‘सार्वजनिक सेवा प्रसारणाच्या दायित्वांसाठी शासकीय अनुदान’. माझा भाऊ बँकेत आहे. त्यानं वाचलं आणि विचारलं, “या कंपनीवर कर्ज किती आहे?” दायित्व म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे मत्ता आणि दायित्वांचा ताळेबंद येतो. आणि ‘अनुदान’ वाचलं की मलाच वाटतं, सरकार कुणाला तरी सांभाळून घेतंय. मुळात तसा भाव नाही.

‘लोकसेवा प्रसारण’ही लिहून पाहिलं, पण आपल्याकडे लोकसेवा म्हटलं की आधी आयोग आठवतो. तेवढं ‘सार्वजनिक सेवा’ असंच ठेवते. बाकी दोन शब्दांसाठी मदत हवी आहे.

मिरज

ताई, ‘दायित्व’ काढाच. हिंदीत ते जबाबदारीच्या अर्थानं चालतं, मराठीत ते हिशेबनिसानं कधीच आपल्याकडे ओढून घेतलंय. कायद्याच्या मराठीत ‘आबंधन’ दिसतं, पण विद्यार्थी तिथे थबकतील. ‘बांधिलकी’ कुणी सुचवेल, तीही नको. बांधिलकी माणूस आपण होऊन मानतो. इथे दुसऱ्यानं घातलेली अट आहे आणि ती मोडली तर जाब विचारणारा कुणीतरी आहे. म्हणून साधं ‘बंधन’.

मी निवृत्त शिक्षक. हे बंधन म्हणजे नेमकं काय, ते मुलांना सांगायचं तर एक गोष्ट सांगतो. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. ५ जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास शेतीचा कार्यक्रम लागे. गावातली माणसं एकत्र बसून ऐकत, मग त्यावर बोलत. त्यांच्या शंका केंद्राकडे जात आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तरं येत. त्या ५ जिल्ह्यांत एक होता उत्तर सातारा, म्हणजे आजचा सातारा जिल्हा. (आपण सांगलीकर तेव्हा दक्षिण सातारा होतो. जिल्ह्याचं नाव १९६० मध्ये बदललं.) आकाशवाणीवर पहिली जाहिरात लागली १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवर. म्हणजे गावोगावच्या त्या बैठकांमागे साबणाचा किंवा तेलाचा एक पैसा नव्हता. असा कार्यक्रम बाजार कधी चालवणार नाही, आणि तो चाललाच पाहिजे, असं ज्याला लिहून दिलेलं असतं त्याच्यावर हे बंधन आहे.

कोरेगाव

मिरजेच्या सरांचं पटलं. पण आपल्याकडं बंधन आणि त्याचा पैसा हे दोन्ही एकाच शब्दात बसवायची रीत होती, ते कुणी बोललंच नाही. आमच्या गावाला देवस्थानची जमीन आहे, इनाम वर्ग ३. सातबाऱ्यावर तसं लिहिलंय. ती कशासाठी? दिवाबत्ती आणि पूजेसाठी. जमीन कसायची, पण रोज संध्याकाळी दिवा लागला पाहिजे. दिवा लागला नाही तर गाव विचारतं. जमीन विकायची तर त्याहून मोठा प्रश्न. कारण ती कसणाऱ्याची हौस म्हणून दिलेली नाही, दिव्यासाठी दिलेली आहे.

सांगली-मिरजेच्या पटवर्धनांचा सरंजाम तरी काय वेगळा होता? मुलूख दिला तो फौज ठेवण्यासाठी. साधं इनाम आणि सरंजाम यांत फरकच तो. सरंजामाला चाकरी जोडलेली. ताई, तुमच्या प्रसारकाला जे मिळतं ते सरंजामाच्या जातीचं आहे. शब्द आज चालणार नाही हे मलाही कळतं, सरंजामशाही म्हटलं की लोक भलतंच समजतात. पण जो शब्द घ्याल त्याला ही चाकरी चिकटलेली असू द्या.

सातारा

मी एसटीत हिशेब विभागात होतो. तुम्ही सगळे फार लांबून येताय, शब्द आमच्या डेपोत तयार आहे. प्रतिपूर्ती.

मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. त्याच्या आधीपासून ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना मोफत. ही सवलत महामंडळानं आपण होऊन दिलेली नाही, शासनानं द्यायला लावली. उरलेलं तिकीट शासन महामंडळाला देतं, आणि कागदावर त्याला ‘सवलतीची प्रतिपूर्ती’ म्हणतात. अनुदान म्हणत नाहीत. शाळांतही तेच. आरटीईच्या २५ टक्के जागांचं शुल्क शासन शाळेला देतं, ती ‘शुल्क प्रतिपूर्ती’. आणि ज्या शाळेचे पगार शासन करतं ती ‘अनुदानित’ शाळा. अख्ख्या महाराष्ट्राला हा फरक पाठ आहे. विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेल्या माणसाला विचारा.

‘भरपाई’ मात्र नको. २०१९ च्या महापुरानंतर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत भरपाई म्हणजे पंचनामा आणि नुकसान. प्रसारकाचं नुकसान झालेलं नाही, त्यानं काम केलंय. काम सांगितलं तुम्ही, खर्च झाला माझा, तो मोजून परत द्या. ही प्रतिपूर्ती.

सांगली

काका, तुमचे किती आभार मानू! आणि तुम्हाला माहीत नसेल, पण तुम्ही माझ्या टिपणांच्या गाभ्यालाच हात घातलात. युरोपात या विषयावरचा सगळ्यात गाजलेला निवाडा बसचाच आहे. जर्मनीत आल्टमार्क नावाची बस कंपनी होती. तिला गावोगावी बस चालवण्यासाठी सरकारी पैसा मिळे. तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीनं त्यावर आक्षेप घेतला. २४ जुलै २००३ ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की, बंधन आधीच स्पष्ट लिहिलेलं असेल, पैसा कसा मोजायचा हे आधीच उघडपणे ठरलेलं असेल, खर्च आणि वाजवी नफा यापेक्षा जास्त दिलेलं नसेल, आणि काम निविदेनं दिलेलं असेल किंवा चांगल्या चाललेल्या कंपनीच्या खर्चाशी ताडून पाहिलेलं असेल, तर तो पैसा मेहेरबानी ठरत नाही. बसच्या या निकालाचीच मापं पुढे दूरचित्रवाणीच्या पैशालाही लावली गेली. तिथे ‘प्रतिपूर्ती’ तंतोतंत बसतो. जास्त दिलं तर ‘जादा प्रतिपूर्ती’, आणि ती परत घेता येते.

कोरेगावच्या दादांचा दिवा मी वर्गात नक्की सांगणार.

मग असं लिहू? ‘सार्वजनिक सेवा प्रसारणाच्या बंधनांची सरकारी प्रतिपूर्ती’. आणि भारतावरच्या प्रकरणातही प्रसार भारतीसाठी, म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या महामंडळासाठी, हाच शब्द लावते.

वाई

थांबा, ताई. पहिल्या वाक्याला माझी हरकत नाही. दुसऱ्याला आहे, आणि ती ठाम आहे.

मी कायद्यांचे मराठी अनुवाद तपासत आले आहे. आमच्या वाईत विश्वकोशाचं काम सुरू झालं तेव्हा पहिल्या खंडाच्याही आधी, १९७३ साली, परिभाषेचा खंड निघाला होता. आधी शब्द ठरवा, मग लिहा, ही इथली शिस्त. तिच्यातला पहिला नियम असा की, शब्दानं वस्तूपेक्षा जास्त बोलू नये.

आता प्रसार भारतीचा १९९० चा कायदा उघडा. १९९७ मध्ये तो अमलात आला. कलम १२ म्हणतं की लोकांना माहिती देणं, शिक्षण देणं आणि त्यांचं मनोरंजन करणं हे महामंडळाचं प्राथमिक कर्तव्य ‘असेल’. इंग्रजीत तिथे ‘शॅल’ आहे. कलम १७ म्हणतं की संसदेनं तरतूद केल्यावर केंद्र सरकार महामंडळाला दरवर्षी रक्कम ‘देऊ शकेल’. तिथे ‘मे’ आहे. आणि ती रक्कम कोणत्या रूपात? भागभांडवल, सहायक अनुदान किंवा कर्ज. किती? सरकारला आवश्यक वाटेल तेवढी. एका कलमात ‘असेल’, दुसऱ्यात ‘देऊ शकेल’. काम पक्कं, पैसा सरकारच्या मर्जीवर. खर्च मोजून परत देण्याचा शब्द त्या कलमात नाही.

तुम्ही तिथे ‘प्रतिपूर्ती’ लिहिलंत, तर विद्यार्थ्याला वाटेल की प्रसार भारतीला हा पैसा मागण्याचा हक्क आहे. एसटीला शासनाकडे थकबाकी म्हणून मागता येते. इथे तशी थकबाकीच उभी राहत नाही. ज्या अनुदानातून मोठा भाग पगारांवर जातो, त्याला आपण अनुदानित शाळेचाच शब्द वापरला पाहिजे. तो ऐकायला कमीपणाचा वाटतो, तर कमीपणा कायद्यात आहे. अनुवादकानं तो भरून काढू नये.

मिरज

वाईच्या ताईंनी कलम १७ काढलं ते बरं झालं. त्यातच आणखी एक गोष्ट आहे. सरकार जे देऊ शकेल त्यात पहिलं नाव परवाना शुल्काचं, म्हणजे घरात रेडिओ-टीव्ही ठेवण्यासाठी लोकांनी भरायच्या पैशाचं आहे, आणि पुढे शब्द आहे ‘असल्यास’. कायदा होईपर्यंत परवाना राहिलाच नव्हता, तो ऐंशीच्या दशकात गेला. पोस्टात जाऊन रेडिओची पुस्तिका पुढे करायची आणि तिकीट चिकटवून घ्यायचं, हे काम वडील माझ्याकडे द्यायचे. ब्रिटनमध्ये ते अजून आहे, २०२५-२६ साली वर्षाला १७४.५० पौंड. जर्मनीत घरटी दरमहा १८.३६ युरो.

म्हणून ‘सरकारी’ शब्दाबद्दलही जरा विचार करा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आधारावर. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, तो आधार तुटला, आणि मंडळी गावोगाव फिरून प्रयोग करू लागली, मुंबईपर्यंत गेली. आधी राजाश्रय, मग लोकाश्रय. परवाना शुल्क म्हणजे लोकाश्रय, फक्त वसुली कायद्यानं केलेली. अंदाजपत्रकातून येतो तो राजाश्रय. दोन्हींना ‘सरकारी पैसा’ म्हटलंत तर माझं पोस्टातलं तिकीट त्यात बुडून जातं.

म्हसवड

आमच्या माणदेशात सामुदायिक रेडिओ आहे, जतकडे जालिहाळात येरळावाणी आहे. त्यांना तुमचा यातला एकही शब्द लागू होत नाही. काम सगळं लोकसेवेचंच, बंधनही परवान्यात लिहिलेलं, पण त्याचा खर्च मोजून कुणी देत नाही. सरकारी जाहिरात लागली तर त्याचे पैसे येतात, तो जाहिरातीचा दर झाला.

आणि खासगी वाहिन्या? केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यांच्यावर रोज ३० मिनिटं सार्वजनिक सेवा प्रसारणाचं बंधन घातलं. शिक्षण, शेती, आरोग्य, विज्ञान, महिला, दुर्बल घटक, पर्यावरण आणि वारसा, राष्ट्रीय एकात्मता, असे ८ विषय दिले. पैसा काहीच नाही. याला काय म्हणायचं? आमच्याकडं बिनपैशाच्या सक्तीच्या कामाला वेठ म्हणतात.

वाई

दादा, वेठ नको. वेठीला धरलेल्या माणसाला काहीच मिळत नव्हतं. वाहिन्यांना परवानगी मिळते, लोकांच्या घरात जाण्याची वाट मिळते. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितलंय. सार्वजनिक वस्तूचा उपयोग करणाऱ्यावर अट घातली तर ती ‘परवानगीची अट’. तेवढंच म्हणा. सामुदायिक रेडिओचं मात्र तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि त्याला शब्द नाही, कारण तशी सोयच कुणी केलेली नाही.

कोरेगाव

मग दिवा लावायचा आणि तेल घरचं, असं झालं की.

सांगली

हो दादा, सामुदायिक रेडिओपुरतं तसंच झालंय.

वाईच्या ताईंचं मी मान्य करते, पण मला ते जड गेलं हेही सांगते. आमच्या घरी अजून १२५१ किलोहर्ट्झवर सांगली केंद्र लागतं. ते १९६३ पासूनचं. नदी चढू लागली की आयर्विन पुलाची पातळी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे आकडे आमच्या आजीला रेडिओ ऐकून पाठ होते. अशा कामाच्या पैशाला ‘अनुदान’ लिहिताना हात अडखळतो. ‘प्रतिपूर्ती’ लिहावंसं वाटलं ते मला तसं असावंसं वाटतं म्हणून. पण टिपणात जे आहे तेच लिहिलं पाहिजे. जे असावंसं वाटतं ते मी शेवटच्या प्रश्नांत विचारीन: कलम १७ मधलं ‘देऊ शकेल’ बदलून ‘देईल’ केलं तर काय काय बदलेल?

आता मजकूर असा केला आहे. बघा जमतोय का.

‘प्रसारकावर सार्वजनिक सेवेची बंधने घालण्यात येतात. युरोपात त्या बंधनांच्या खर्चाची प्रतिपूर्ती करण्यात येते. ती परवाना शुल्कातून किंवा अंदाजपत्रकातून येते. भारतात प्रसार भारतीवर ही बंधने कायद्याने आहेत, मात्र त्यांच्यासाठी प्रतिपूर्तीची तरतूद नसून सहायक अनुदान देण्यात येते. खासगी वाहिन्यांना ३० मिनिटांचे बंधन परवानगीची अट म्हणून लागू आहे. त्यासाठी निधी नाही.’

सातारा

चांगलं आहे. ‘खर्चाची प्रतिपूर्ती’ हे जोडूनच ठेवा, नुसतं ‘प्रतिपूर्ती’ कुठे सुटं सोडू नका.

वाई

जमलं आहे. फक्त ‘घालण्यात येतात’, ‘देण्यात येते’ काढा. कोण घालतं आणि कोण देतं हाच तर सगळा विषय आहे. ‘बंधने कायदा घालतो, अनुदान केंद्र सरकार देते’ असं लिहा. आणि ‘देते’च्या आधी ‘ठरवील तेवढे’ घाला.